विषय: कोल्हापूरचे किट – रविवारपर्यंत होकार हवा

विजय, 11 जून 2021
मंडळी, पेठेतल्या तालमीतून काल पुन्हा फोन आला. पूरनिधीतले उरलेले पैसे किटसाठी द्यायचे हे झूमवर ठरलंच आहे. मायलॅबचं कोव्हिसेल्फ, म्हणजे घरीच करायचं कोरोना टेस्टचं किट, 250 रुपयांना मिळतंय. अख्खी पेठ एका शनिवार-रविवारी तपासायची, स्लोव्हाकियाने केलं तसं. तिथे गेल्या वर्षी 31 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबरला 36 लाख लोक तपासले, 38 हजारांवर पॉझिटिव्ह सापडले. ज्या जिल्ह्यांत आठवड्याने दुसरी फेरी झाली तिथे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. राज्यात पॉझिटिव्हचं प्रमाण उतरतंय आणि कोल्हापूर दहा टक्क्यांच्या वरच अडकलंय. उशीर नको.

नंदाताई
विजय, ठरलं नव्हतं, नुसती चर्चा झाली. तो निधी 2019 च्या पुरासाठी जमवलाय, देणगीदारांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि आपला पैसा परदेशातून जाणार, तालमीकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, कुठे आहे? सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मे महिन्यातच लिहिलंय: घरची टेस्ट लक्षणं असलेल्यांनी आणि बाधितांच्या संपर्कात आलेल्यांनी करावी, सरसकट नको.

समीर
पैसे वाचवायचे तर पाच-पाच नमुने एकत्र करून प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर, आणि गट पॉझिटिव्ह आला तरच एकेकाची? 1943 मध्ये डॉर्फमनने अमेरिकी सैन्यभरतीतल्या सिफिलिसच्या तपासणीसाठी हीच युक्ती सुचवली होती.

अप्पा
समीर, ती युक्ती आजार विरळ असताना चालते. बाधित दोन टक्के असतील तर 100 गटांतले दहाएक पुन्हा तपासायचे. दहा टक्क्यांना 41 गट फोडून एकेकाचं बघावं लागेल. अहवालाला आणखी उशीर, आणि तोवर माणूस गावभर फिरणार.

विजय, स्लोव्हाकियाचं अर्धंच सांगितलंस. तिथं पॉझिटिव्ह निघाला की सगळं घर विलगीकरणात, टेस्ट न करणाऱ्यालाही घरीच बसवलं, वर निर्बंध होतेच. तरी हिवाळ्यात पुन्हा भडका उडाला. रॅपिडवर, म्हणजे या किटसारख्या झटपट टेस्टवर, एवढा विश्वासही नको. लिव्हरपूलला पीसीआरशी ताडून पाहिलं तर लक्षणं नसलेल्यांतले निम्म्याहून जास्त बाधित निसटले होते.

माझं म्हणणं एवढंच, टेस्टनंतर त्या माणसानं काय करायचं? भाचा एका फाउंड्रीत आहे. गेल्या महिन्यात पॉझिटिव्ह आला. दोन खोल्या, पाच माणसं, मोरी एकच. माळ्यावर झोपायचा, वहिनी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर ताट ठेवून मागं सरायची. पगार खाड्यावर कापला. त्याच्या बाजूचा मोल्डर ताप असून कामावर जात होता, कारण घरी बसला तर चूल बंद. त्याच्या हातात किट देऊन काय उपयोग? आधी दहा दिवसांचा शिधा आणि बुडालेली मजुरी, मग टेस्ट. तेवढ्यानं लोक स्वतःहून तपासायला येतील.

मीना
अप्पा, भाचा आता बरा आहे ना? आमच्या राजारामपुरीत आशा सेविका घरोघरी येऊन ऑक्सिजन बघून जातात. त्यांना ऑक्सिमीटरचे सेल आपणच द्यावेत.

विजय
अप्पा, शिधा मान्य. पण किट रद्द नको. घरात एक बाधित निघाला की बाकी चौघांची त्याच दिवशी टेस्ट, एवढ्यापुरती ठेवू. आयसीएमआरलाही तेच हवंय.

नंदाताई
हे चालेल. पण तालमीला नाही. एफसीआरए नोंदणी असलेली आणि स्वतःच्या माणसांनी शिधा वाटणारी संस्था शोधा, मी खात्याचे कागद तपासते. देणगीदारांना मेल आज रात्री माझ्याकडून जाईल, विजयने परस्पर पाठवू नये.