रॉकेट गेल्यावर आकाश लाल?

पतंग्या: जुलै २०२३ ला फाल्कन ९ रॉकेट उडालं तेव्हा ॲरिझोनातून आकाशात लाल डाग दिसलेला, फोटो पाहिले असतील, तर वातावरणाला भोक पडतं म्हणतात ते खरंय का?

भौतिकवाला: हवेला नाही हो, आयनोस्फिअरला, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वरच्या थराला. दोन-तीनशे किमीवर इंजिनातली वाफ नि कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) भिडतात, मग इलेक्ट्रॉन भराभर संपतात आणि त्या गडबडीत ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड टाकतो. १९७३ ला स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक सोडलं त्या वेळीही भोक पडलेलंच.

निवांत: जीपीएस गंडतं का मग?

भौतिकवाला: किंचित, भोक काही तासांत भरून येतं. मला काळजी त्याच्या बरंच खाली असलेल्या स्ट्रॅटोस्फिअरची, म्हणजे ओझोन असलेल्या थराची वाटते, रॉकेटच्या केरोसीन इंधनाची काजळी तिथे वर्षानुवर्षं राहते, धुवायला पाऊसच नाही ना! घन इंधनातला क्लोरीन तर ओझोन खातो, आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा घन इंधनाचाच बरं का.