मालवणचे प्रवाळ आणि खोल समुद्र: विषय दोन की एकच?

प्रश्न: कुर्टे_बेट

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत असून शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी मालवणच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळ हा विषय घ्यावा, असा माझा विचार आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत मी लहानपणापासून पोहत आलो आहे, त्यामुळे जागा ओळखीची आहे. मात्र एका सरांचे म्हणणे असे की, प्रवाळ आणि खोल समुद्र हे दोन स्वतंत्र विषय आहेत, त्यांची साधने, प्रश्न आणि माणसेही वेगळी असतात, तेव्हा काय ते एक आधीच ठरवावे. मला ते पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही.

न पटण्याचे कारण घरातलेच आहे. माझे काका रापणीला, म्हणजे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढून करायच्या मासेमारीला, जातात. ते सांगतात की, पाऊस ओसरता ओसरता, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, कधीकधी तळचे पाणी एकदम गार लागते आणि एरवी बाहेरच्या पाण्यात मिळणारी मासळी किनाऱ्याशी दाटते. हे गार पाणी जर खोल समुद्रातून येत असेल, आणि जितके खोल जावे तितका ऑक्सिजन कमी होत असेल, तर ते पाणी प्रवाळांपर्यंत पोहोचल्यावर त्यांचे काय होत असेल? या दोहोंचा संबंध जोडून प्रकल्प करता येईल का?

उत्तर १: गाळ_आणि_चाळणी

आपल्या काकांचे निरीक्षण बरोबर आहे, पण आपल्या प्रश्नातील एक गृहीतक दुरुस्त करावे लागेल. खोली वाढते तसा ऑक्सिजन कमी होत जातो, हे अरबी समुद्रात फक्त अर्ध्या वाटेपर्यंत खरे आहे. साधारण १५० मीटरपासून १,००० ते १,२०० मीटरपर्यंत ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला एक जाड थर पसरलेला आहे आणि त्याच्या वरच्या भागात तर ऑक्सिजन जवळपास नसतोच. त्याखाली मात्र तो पुन्हा वाढू लागतो, कारण तळाचे पाणी दक्षिणेकडच्या, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात गार होऊन बुडालेले असते आणि बुडताना पृष्ठभागावरचा ऑक्सिजन सोबत घेऊन आलेले असते. मधल्या थराची गोष्ट वेगळी आहे. अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद असल्यामुळे तिथे ताजे पाणी फार सावकाश पोहोचते, आणि पावसाळ्यात व हिवाळ्यातही पृष्ठभागावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, इतके वाढते की त्याचे मेलेले अवशेष खाली झिरपताना कुजतात आणि होता नव्हता तेवढा ऑक्सिजन जिवाणू संपवतात. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या जहाजावरून झालेल्या जॉन मरे मोहिमेलाही या थराच्या खोलीवर तळ जवळपास निर्जीव आढळला होता.

आता किनाऱ्याकडे येऊ. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि त्या थराच्या वरच्या काठाचे गार, ऑक्सिजन कमी असलेले पाणी भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, चढून येते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वर जेमतेम पाच-दहा मीटर जाडीचे, हलके आणि कोमट आवरण घालते, आणि हे आवरण झाकणासारखे बसल्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली उतरत नाही. वरून येणारे प्लवक तळाशी कुजत राहते. आधी ऑक्सिजन संपतो, मग जिवाणू नायट्रेट वापरतात, आणि तेही संपले की सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाईड तयार करतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर, जेमतेम २७ मीटर खोलीच्या पाण्यात, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा बदल वर्षानुवर्षे मोजला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात अशा ठिकाणचा गाळ वर काढला की नासक्या अंड्यांचा वास येतो. हे मी स्वतः अनुभवले आहे आणि तो वास दोन दिवस हातांवरून जात नाही. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह उलटतो आणि तळाला पुन्हा श्वास घेता येतो. तळचे पाणी असे कोंडल्यावर मासळी वर आणि किनाऱ्याकडे सरकते, हेच आपल्या काकांना जाळ्यात दिसत असावे.

तेव्हा आपल्या सरांना इतके नक्की सांगता येईल की, आपल्या किनाऱ्यावर खोल समुद्र दरवर्षी दोन-तीन महिने घरी येऊन राहतो.

उत्तर २: ओहोटीची_वेळ

वरील विवेचन मान्य आहे, पण मालवणच्या प्रवाळांना ते थेट लागू करण्याआधी थांबावे, असे मला वाटते. मी काही वर्षे तिथे प्रवाळांची मोजणी केली आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातील बहुतेक प्रवाळ अगदी उथळ पाण्यात आहेत. मोठ्या ओहोटीला तर काहींच्या डोक्यावर गुडघाभर पाणीही राहत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या झाकणाखाली नव्हे, तर झाकणातच ते राहतात. त्यांना पावसाळ्यात सोसावे लागते ते गोडे पाणी आणि गाळ. म्हणूनच तिथे नाजूक फांद्यांच्या प्रवाळांपेक्षा पोराइट्स, फेवाइट्स, टर्बिनेरिया अशा दगडाला बिलगून किंवा गोळ्यासारख्या वाढणाऱ्या, गाळ सोसणाऱ्या प्रजातीच टिकलेल्या दिसतात.

दुसरा त्रास उष्णतेचा आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशानेही काही आठवडे अधिक तापले, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. तिसरा त्रास तर निव्वळ आपला आहे, नांगर आणि पर्यटकांचे पाय. हाताच्या पंजाएवढ्या फेवाइट्सच्या वसाहतीवर बुटाच्या टाचेचा ठसा मी पाहिला आहे, आणि पुढच्या वर्षी तिथे फक्त हिरवे शेवाळ होते.

खालून येणारे पाणी प्रवाळांना भिडते का, हे पाहायचे असेल, तर त्यासाठी योग्य जागा आंग्रिया बँक आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर हे बुडालेले पठार आहे, त्याचा माथा सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे आणि भोवती समुद्र एकदम खोल होतो. परंतु तिथे जायला जहाज लागते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ते जमणार नाही, हे आताच मनाशी धरून चाला.

उत्तर ३: पाच_हजार_मीटर

थोडक्यात लिहितो. प्रवाळ म्हणजे उथळ पाणी, हे समीकरणही अपुरे आहे. ज्ञात प्रवाळ जातींपैकी निम्म्याहून अधिक ५० मीटरपेक्षा खोल पाण्यात राहतात. अंधारात राहणाऱ्या जातींमध्ये शैवाल नसते, वरून पडणाऱ्या अन्नकणांवर त्या जगतात.

आपल्या सरांचा साधनांविषयीचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. मध्य हिंदी महासागरात भारताकडे बहुधात्विक गोट्यांच्या (तळावर पडलेल्या, अनेक धातू असलेल्या गोट्यांच्या) शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे आणि त्या भागात मी एका सफरीवर होतो. तिथे पाच हजार मीटरवरून गाळाची एक पेटी आणायची, तर दोर सोडण्यात आणि ओढण्यात तीन-चार तास जातात, आणि कधीकधी पेटीचे तोंड न मिटल्यामुळे ती रिकामीच वर येते. भरून आली, तर भर उन्हात डेकवर त्या गाळात हात घातल्यावर बोटे बधिर होतात, इतका तो थंड असतो. अशा दिवसभराच्या कष्टातून चाळणीवर पाच-पन्नास अळ्या आणि शिंपले मिळतात. मालवणच्या खडकावर आपण तेवढ्या वेळात दहा रेषा, म्हणजे दोरी ताणून तिच्याखालचे प्रवाळ, मोजाल. पेरू देशासमोरच्या समुद्रतळावर १९८९ मध्ये प्रयोगासाठी नांगरलेल्या सऱ्या २६ वर्षांनीही स्पष्ट दिसत होत्या. तिथे काळच वेगळा चालतो.

प्रश्नकर्ता: कुर्टे_बेट

सर्वांचे आभार. ऑक्सिजन खाली पुन्हा वाढतो, हे मला ठाऊक नव्हते. आता असे ठरवतो आहे की, प्रवाळांची मोजणी डिसेंबरमध्ये करावी, पण त्याआधी सप्टेंबर ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला काकांच्या होडीतून, खडकाजवळ आणि बाहेर वीस मीटर पाण्यात, अशा दोन ठिकाणी वरचे आणि तळचे पाणी घेऊन तापमान, क्षारता आणि ऑक्सिजन मोजावा. झाकण खडकापर्यंत किती जाड आहे, इतके तरी कळेल. महाविद्यालयात ऑक्सिजन मोजण्याचे इलेक्ट्रॉनिक उपकरण नाही. विंकलर पद्धत, म्हणजे पाण्यात रसायने घालून ऑक्सिजन मोजण्याची पद्धत, चालेल का?

उत्तर १: गाळ_आणि_चाळणी

चालेल, आणि कमी ऑक्सिजनसाठी ती स्वस्त उपकरणापेक्षा विश्वासार्ह ठरते. काचेच्या बुचाच्या बाटल्या घ्या, नळी बाटलीच्या तळाशी टेकवून पाणी भरा आणि ते थोडे वाहू द्या, बुडबुडा एकही राहू देऊ नका. मँगनीज क्लोराईड आणि अल्कलीयुक्त आयोडाईड होडीतच घाला, किनाऱ्यावर परत येईपर्यंत थांबलात तर वाचन वाया जाईल. ऑक्सिजन असेल तर बाटलीत खाली बसणारा साका तपकिरी होतो. वीस मीटरवरच्या बाटलीत तो पांढराच राहिला, तर काकांनाही दाखवा.