नियमपत्रकात काय छापावं: 'हात वाकवून', 'फेकी' की आणखी काही?

खाडीकाठ
मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या वाडीची टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असते (गुहागर तालुका, भात कापून मळे मोकळे झाले की). इतकी वर्षं जुन्याच कागदाची झेरॉक्स फिरत होती, यंदा नीट नियमपत्रक छापायचं ठरलंय. जुन्या कागदातलं कलम असं : 'हात वाकवून टाकलेला चेंडू नोबॉल धरला जाईल.'

गेल्या मोसमात याच ओळीवरून राडा झाला. माझा चुलतभाऊ लहानपणी रातांब्यावरून पडला, हात मोडला, हाडवैद्याने बसवला तो वाकडाच बसला. देवळातली घंटा आम्ही सगळे जमिनीवर उभे राहून वाजवतो, हा उजव्या हाताने वाजवायला टाचा उंच करतो. समोरच्या संघाने कागद पुढे केला की बघा, हात वाकलेला आहे. पंचांनीही नोबॉल दिला, आणि पुढच्या षटकातही दिला.

मी घरी येऊन मूळ इंग्रजी नियम वाचला. त्यात वाकलेल्या हाताला कुठेच मनाई नाही! सगळी मनाई हात *सरळ होण्याला* आहे. माझा कच्चा तर्जुमा : 'हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर थोडंही किंवा पूर्ण सरळ होता कामा नये, मनगट वाकवायला, फिरवायला हरकत नाही.'

आता या 'कोपर सरळ होण्याला' एक शब्द हवाय. शीर्षकात घालायचाय आणि मळ्यातल्या पंचाला वाचताक्षणी कळला पाहिजे.

चाकरमानी
फेकी. विषय संपला.

कातळसडा
'फेकी' हे विशेषण झालं. खाडीकाठ यांना क्रियावाचक नाम हवं आहे. शिवाय 'फेकी' म्हटलं की थापाड्या माणूस डोळ्यांसमोर येतो. माझी सूचना : 'कूर्परप्रसारण'. कोपर हा शब्द संस्कृत 'कूर्पर'वरूनच आला आहे, त्यामुळे घराबाहेरचं काही नाही. आणि हात लावताच आहात तर 'नोबॉल'ही काढून 'अवैध चेंडू' करा.

चाकरमानी
सर, तुम्हाला कोपरापासून नमस्कार. पंच 'कूर्परप्रसारण' ओरडेपर्यंत चेंडू सीमापार जाऊन परत यायचा.

खारफुटी
कोपर कोपऱ्यावरून आला असणार ना? हाताला कोपरा पडतो तो कोपर. उगाच संस्कृतात कशाला शिरायचं?

कातळसडा
पडत असेल कोपरा, पण व्युत्पत्ती अशी दिसण्यावरून ठरत नाही. त्या न्यायाने कोपरखैरणेही हातावर काढावं लागेल.

खारफुटी
बरं. पण मग आमची आजी (अलिबाग) हाताच्या कोपराला 'ढोपर' म्हणायची, त्याचं काय? एसटीत गर्दी असली की 'ढोपर लागतंय रे मेल्या' असं पुढच्याला सुनवायची. तिच्या ढोपराचा गुडघ्याशी काही संबंध नव्हता.

देवबागचो
काय सांगतंस! आमच्याकडे ढोपर म्हणजे पायाचा. दुसरा ढोपर आमका म्हायतच नाय. तुमच्या आजयेन बसलेल्या माणसाक लाथ घातली आसतली.

कातळसडा
दोघेही भांडू नका. संस्कृतातही 'कूर्पर' मुख्यतः कोपर, पण क्वचित गुडघा या अर्थानेही सापडतो. अंगाला जिथे घडी पडते ती जागा, असा मूळ अर्थ असावा असं मला वाटतं. म्हणजे घोळ आजीचा नाही, फार जुना आहे.

खाडीकाठ
ढोपर नियमपत्रकात येणार नाही याची हमी देतो. मूळ प्रश्नाकडे या.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या मराठी पुस्तकांत सांधा दुमडण्याला आकुंचन आणि सरळ होण्याला प्रसरण किंवा प्रसारण म्हणतात.

चाकरमानी
प्रसरण रेल्वेच्या रुळांचं होतं ना, उन्हाने? सातवीत होतं आम्हाला.

सांधेजोड
म्हणूनच मलाही तो शब्द इथे नको वाटतो. पण शब्दाआधी मोजतात काय ते बघू, कारण आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १५ अंशांची मर्यादा आहे, आणि बरेच जण गृहीत धरतात की म्हणजे हात १५ अंशांपर्यंत वाकलेला चालतो. तसं नाही. हात खांद्याच्या रेषेत असताना कोपर किती दुमडलेलं आहे ते बघायचं, चेंडू सुटताना किती ते बघायचं, आणि त्या दोहोंतला *फरक* मोजायचा. समजा वर येताना बाक २० अंश आणि सुटताना ८, तर फरक १२. चालेल. २५चे ५ झाले तर फरक २०, नाही चालणार. आणि खाडीकाठ यांच्या भावाचा हात वर येताना ३० आणि सुटतानाही ३० असेल, तर फरक शून्य. तो मैदानातला सगळ्यात स्वच्छ हात ठरेल!

आणखी एक. काहींचं कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे उलटं जातं. शोएब अख्तर, बुमराह. हा उलटा बाक त्या पंधरात धरत नाहीत.

खाडीकाठ
शून्यवालं उदाहरण छापून भिंतीवर लावतो.

खारफुटी
मुरलीधरनचंही हेच होतं ना? कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नाही.

सांधेजोड
बाक जन्मजात, बरोबर. पण वाद बाकावरच थांबला नाही. २६ डिसेंबर १९९५ला मेलबर्नमध्ये पंच डॅरेल हेअरने त्याला सात नोबॉल दिले, तेही गोलंदाजाच्या टोकाला उभं राहून. एरवी हे काम स्क्वेअर लेगचा पंच करतो, कारण बाजूने दिसतं. मग २००४मध्ये सामनाधिकारी ख्रिस ब्रॉडने त्याच्या 'दुसरा'बद्दल (ऑफस्पिनरचा नेहमीच्या उलट दिशेला वळणारा चेंडू) अहवाल दिला. पर्थमध्ये मोजमाप झालं, 'दुसरा' टाकताना १४ अंशांच्या आसपास फरक आला. तेव्हाची मर्यादा फिरकीला ५, मध्यमगतीला साडेसात, वेगवानला १०. पुढे इतरांचंही चित्रण तपासलं तर ज्यांच्या शैलीला आपण आदर्श म्हणतो अशांचीही कोपरं सरळ होताना दिसली. नुसत्या डोळ्यांना पंधराच्या आसपासच फरक जाणवायला लागतो, म्हणून २००५पासून सगळ्यांना सरसकट १५.

चाकरमानी
हा निकाल मला अजूनही पटलेला नाही. सापडला म्हणून मर्यादाच वाढवली. मऊ लागलं म्हणून कोपराने खणलं, दुसरं काय.

सांधेजोड
एकट्यासाठी वाढवली असती तर म्हणता आलं असतं. जुन्या मर्यादेत बरेचसे वेगवान गोलंदाजही बसत नव्हते. आणि पंधरानंतरही लोक सापडलेच की. २०१४मध्ये सईद अजमल बाहेर बसला, सुनील नारायणचंही त्याच सुमारास सुरू झालं.

चाकरमानी
आणि १९६३चा इयन मेकिफ? ब्रिस्बेनला एकाच षटकात चार नोबॉल दिले आणि त्याचं क्रिकेट तिथेच संपलं. त्याला कुठली प्रयोगशाळा मिळाली? पंचाने डोळ्यांनी बघितलं, दिला, संपलं. मळ्यातसुद्धा हेच होणार आहे. कोनमापक घेऊन कोण उभा राहणार?

देवबागचो
म्हणानच माझा म्हणणा, पंचाक शब्द व्हयो तो बघल्या बघल्या तोंडात येतलो तसो. आमच्याकडे म्हणतत, 'तो बॉल टाकना नाय, धोंडे मारता.' आंबो पाडूक धोंडो मारतत तसो. त्याच्यात कोपर इला, झटको इलो, सगळाच इला.

खाडीकाठ
वा! हे आवडलं. फक्त 'धोंडे मारल्यास नोबॉल' असं छापलं तर पोलीस येतील.

खारफुटी
आमच्याकडे उरण-अलिबागला 'बट्टा'. 'बट्टा टाकतोय' म्हटलं की लहान पोरालाही कळतं. मुंबईतही चालतो. हाच छापा.

चाकरमानी
मुंबईत आम्ही 'भट्टा' म्हणायचो.

खारफुटी
ते तुमच्या चाळीत असेल. बट्टाच. नावाला बट्टा लागतो ना, तसा बॉलिंगला लागला.

देवबागचो
हिंदीत सिलबट्टा म्हणतत तो दगडच मां? मगे परत धोंडोच इलो. माझाच खरा.

कातळसडा
पुरावा कुणाकडेच नाही आणि आवेश दोघांकडेही आहे. पण स्पर्धेच्या छापील कागदावर बट्टा-भट्टा शोभत नाही, एवढं निश्चित. ज्या रत्नागिरीत सावरकरांनी स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीचा आग्रह धरला, 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' असे शब्द ज्यांनी दिले आणि जे आज आपण विचार न करता वापरतो, त्याच जिल्ह्यात 'बट्टा' छापायचा? 'दिनांक'लाही तेव्हा लोक हसलेच असतील. शब्द वापरला की रुळतो. मी 'फेक-चेंडू' असा मधला मार्ग सुचवतो. आणि 'गोलंदाजी' या आपल्या चांगल्या मराठी शब्दाशी तो जुळतोही.

सांधेजोड
सर, 'गोलंदाज' फारसीतून आलाय. तोफेचे गोळे डागणारा तो गोलंदाज. त्यातल्या 'अंदाज'चा अर्थच फेकणारा, टाकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज. म्हणजे आपल्याकडे सरळ हाताचा, सभ्य, नियमात बसणारा गोलंदाजसुद्धा नावाने फेकणाराच आहे.

चाकरमानी
😂😂 सगळेच फेकी!

कातळसडा
तोफेचा गोळा कोपर सरळ करून डागत नाहीत.

खाडीकाठ
सर, हे भारी होतं. पण यातून मला एक सुचतंय. मराठीत फरक आधीच आहे, आपण तो बघत नव्हतो. गोलंदाज चेंडू *टाकतो* आणि क्षेत्ररक्षक चेंडू *फेकतो*. 'सीमारेषेवरून चेंडू टाकला' असं कुणी म्हणत नाही, म्हटलंच तर चेंडू हातातून गळाल्यासारखं वाटतं. मग 'टाकलेला चेंडू' आणि 'फेकलेला चेंडू' एवढ्यावर भागेल का?

खारफुटी
नाही भागत. मी मळ्यात रोज ऐकतो, 'जरा पुढे फेक ना बॉल', हे बोलर्सनाच. बोलताना हा फरक कुणी पाळत नाही.

चाकरमानी
रेडिओवर पाळायचे. बाळ ज. पंडितांची मराठी समालोचनं ऐकलेल्या पिढीला विचारा. आता टीव्हीवर कुणी काहीही फेकतं.

सांधेजोड
मला 'टाकणे-फेकणे' पटतं, पण शीर्षकापुरतं. खाली व्याख्या हवीच, नाहीतर पंच परत वाकलेल्या हाताकडेच बघत बसेल. 'वाकवणे' आणि 'मोडणे' ही दोन्ही क्रियापदं त्या कलमातून हद्दपार करा. 'हात मोडतो' तर माझ्या दवाखान्यात रोज वेगळ्याच अर्थाने येतं.

कातळसडा
'हात मोडणे' हा चांगला रूढ प्रयोग आहे. बोटं मोडतात, आळस देताना अंग मोडतात. मोडणे म्हणजे तुटणेच असं नव्हे.

सांधेजोड
सर, आत्ता आत्ता तर तुम्ही रूढ शब्दांच्या विरोधात होता.

कातळसडा
रूढ *मराठी* शब्दांच्या विरोधात कधीच नव्हतो. वर वाचा.

देवबागचो
सर, बट्टो मराठी नाय तर काय पोर्तुगीज काय?

खाडीकाठ
छापखानेवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. मी असं टाकतोय, बघा :

*कलम ७. फेकलेला चेंडू.* हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत गोलंदाजाचं कोपर सरळ होताना पंचाला दिसलं, तर नोबॉल. पहिल्या वेळी ताकीद, त्याच डावात पुन्हा दिसलं तर त्या डावात त्याला पुढे गोलंदाजी नाही. जन्मतः किंवा अपघाताने हात वाकलेला असणं हा दोष नाही.

ताकीद आणि डावाबाहेर काढणं मूळ नियमातही आहे. १५ अंश मुद्दामच नाही घातले. ते प्रयोगशाळेसाठी ठीक, मळ्यात नाही.

चाकरमानी
'दिसलं तर' म्हणजे परत पंचाचा डोळा. समोरचा संघ म्हणणार, आम्हाला दिसलं.

खारफुटी
शेवटचं वाक्य भावासाठीच घातलंय हे सगळ्या तालुक्याला कळणार.

खाडीकाठ
कळू दे. त्याच्यासाठीच घातलंय.

कातळसडा
मसुदा ठीक. फक्त 'सुटेपर्यंत'ऐवजी 'हातावेगळा होईपर्यंत' करा. सुटतो तो झेल.

देवबागचो
झेलावरना आठावला. आंबे काडूची काठी, जाळी लावलेली, ती 'झेलो'. कॅचाक 'झेल' तेच्यावरनाच म्हणतत काय?

कातळसडा
उलट. 'झेलणे' हे क्रियापद मूळ, त्यावरून झेल आणि झेला दोन्ही.

देवबागचो
आमच्या आजयेक क्रिकेट म्हायत नव्हता, झेलो म्हायत होतो. मगे आधी कोण?

खारफुटी
आमच्याकडे त्याला घळ म्हणतात. झेला कुणी म्हणत नाही.

सांधेजोड
रत्नागिरीत दोन्ही ऐकलंय. घळ वेगळी, झेला वेगळा असंही एका बागायतदाराने सांगितलं होतं. सर, तुमच्याकडे काय?

कातळसडा
सविस्तर लिहितो. आधी 'घळ' स्त्रीलिंगी की पुल्लिंगी ते ठरवू.