‘हे संगीतच नाही’ म्हणण्याआधी पेटी आठवा

पायपेटी:
परवा एका घरगुती बैठकीत चहाच्या वेळी रॅपचा विषय निघाला. एक काका म्हणाले, "आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, ते संगीतच नव्हे." पेटीच्या साथीने झालेल्या यमनला तासभर दाद देऊन ते नुकतेच उठले होते. मला हसू आवरेना.

कारण हीच पेटी आकाशवाणीने १९४० साली हद्दपार केली होती आणि बंदी १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप फालतू नव्हते. पेटीचे सूर बांधलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) सापडत नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती. (पु.लं.सारखा पेटीत रमणारा माणूस आकाशवाणीत नोकरीला, आणि त्याचं वाद्य दाराबाहेर!) पुढे १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, गाण्याचे जाणकार. त्यांच्या काळात सिनेगीतांना कात्री लागली. लोक सुधारले नाहीत, त्यांनी रेडिओचा काटा सिनेगीतं लावणाऱ्या रेडिओ सिलोनवर नेला. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

नसेल आवडत तर नसो. पण ‘संगीतच नाही’ हा निकाल द्यायला आधी दहा वेळा तरी ऐकलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

खर्ज:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पेटीला विरोध करणारे न ऐकता बोलत नव्हते. मींड तेव्हा निघत नव्हती, आजही निघत नाही. मन मोठं करून आपण पेटीला आत घेतलं आणि साथीतली सारंगी बाहेर गेली. गळ्यामागे सावलीसारखं जाणारं वाद्य होतं ते. आज किती मैफलींत दिसते? ‘सगळंच चांगलं’ म्हणणाऱ्याचा कान तयार होत नाही. नाही म्हणता येणं हासुद्धा तालमीचाच भाग आहे.

पायपेटी:
सारंगीचं दुःख मलाही आहे. पण तिला एकट्या पेटीने घालवलं नाही. सारंगिये तवायफांच्या कोठ्यावर साथ करायचे, म्हणून अब्रूदार घरांना ते वाद्य दिवाणखान्यात नको होतं. म्हणजे तिथेही नाकं मुरडणं आलंच की.

मांडवामागचा:
गणपतीचे दहा दिवस माझ्या खिडकीखाली स्पीकरची भिंत असते. रात्री दहानंतर बंदी आहे, पण सकाळी दहापासून काय? तुम्ही कान उघडे ठेवा म्हणताय, मला ते मिटायची सोय हवीय. गाणं कुठलंही असो.

ढोलकी:
मला एक कळत नाही. मन मोठं करायचं ते नेहमी शास्त्रीय गाण्यातल्या ख्यालवाल्यांनीच का? उपकार केल्यासारखं वाटतं हो ते. मी प्रल्हाद शिंदेंच्या आवाजावर आणि जत्रेतल्या तमाशाच्या फडांवर वाढलो. पुण्यात शिकायला आल्यावर ‘जरा चांगलं ऐकत जा’ म्हणणारे डझनभर भेटले. सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. पहिला विलंबित (संथ लयीचा) ख्याल संपेस्तोवर दोनदा डुलकी लागली. शेजारचे आजोबा म्हणाले, "वेळ द्यावा लागतो." दिला. आज तोडी राग लागला की हातातलं काम थांबतं.

पण लावणीबद्दल ‘वेळ द्यावा लागतो’ असं कुणी म्हणताना ऐकलंय का? बैठकीच्या लावणीत एकच ओळ बसून किती तऱ्हांनी फुलवतात, त्यातली रागदारी कुठून येते, हे समजून घ्यायला तितकीच चिकाटी लागते. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी ओलांडल्यावर. तोवर मोठ्या मनाची माणसं कुठं होती?

खर्ज:
ढोलकी, हे मान्य. यमुनाबाई मी उशिरा ऐकल्या, त्याची लाज वाटते. पण लावणीत शतकांची घडण आहे, रॅपमागे काय आहे? आणि पायपेटी, खरं सांगा, ते रॅप तुम्ही स्वतः दहा वेळा ऐकलंत का?

पायपेटी:
पकडलंत. तीनदा. दोनदा अर्ध्यावर बंद केलं. तिसऱ्यांदा भाचीने समोर बसवलं आणि शब्द कागदावर लिहून दिले. तेव्हा दिसलं की तो पोरगा मात्रांच्या अलीकडे-पलीकडे बोलत राहतो आणि ओळीच्या शेवटी बरोबर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो. मी मांडीवर ठेका धरून पाहिला, दोनदा चुकलो.

आवडलेलं मात्र अजून नाही.