मदत हवी आहे: कमांड मी चालवली की चालते, एआय एजंटने चालवली की ४०१ एरर

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळ काकांचं नमकीनचं दुकान आहे. ऑर्डरी घेणारा चॅटबॉट एका प्लॅटफॉर्मवर आधीपासून आहे. त्याला आता कमांड लाइनवरून एआय एजंट (स्वतः कमांड चालवणारा एआय) जोडतोय, म्हणजे "पाव किलो लौंग शेव, पण तिखट नको" असलं काही आलं तर बॉट गांगरणार नाही. (लौंग शेव आणि तिखट नको! असो.)

टर्मिनलमध्ये मी कमांड दिली तर ऑर्डरींची यादी नीट येते. तीच एजंटने चालवली तर ४०१, म्हणजे ओळख पटली नाही असा एरर. म्हणजे टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) पोहोचतच नसावं. नुसती परवानगी कमी असती तर बहुधा ४०३ आला असता. टोकन डॉट बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एक्स्पोर्ट केलंय. उबुंटूची ती फाइल नॉन-इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये (माणसाऐवजी प्रोग्रॅम कमांड चालवतो तेव्हा) सुरुवातीलाच परत फिरते, पुढचं वाचलंच जात नाही, हे काल रात्री दोनला कळलं. मग टोकन ठेवायचं कुठे? डॉट ईएनव्ही (गुप्त सेटिंग ठेवायच्या) फाइलमध्ये ठेवलं आणि एजंटने वाचून लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, छापलं तर?

शिवाय, आधी फक्त वाचण्यापुरतं वेगळं टोकन काढावं का? काका म्हणतात, "त्या एजंटने सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम मेसेज धाडला, तर फोन तू घेणार का रे?"

कुणी असं जोडलं असेल तर सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत करायचंय.