कच्च्या वाटांवर बाईक फिरवायला साधा जीपीएस कोणता घ्यावा?

कच्ची_वाट:
मंडळी, थोडा सल्ला हवाय. डांबरी सोडून कच्च्या वाटा धुंडाळायचा नाद मला दोन वर्षांपासून लागलाय. आजवर फोनवर भागत होतं. गेल्या महिन्यात जंगलात आत शिरलो, रेंज गेली आणि नकाशाच्या जागी नुसते करडे चौकोन. त्यात उन्हामुळे फोन तापून बंद पडला. आल्या वाटेने परत फिरू म्हटलं, तर उलट्या दिशेने येताना तीच वाट अजिबात ओळखू येईना. जाताना जे फाटे मागे राहिले होते, ते आता तोंडासमोर उभे. एकाच ओढ्यावर तीनदा आलो. सूर्य कलला, बाटलीतलं पाणी संपलं आणि गाडी रिझर्व्हवर. तेव्हा खरंच घाबरलो होतो.

मला 'पुढे डावीकडे वळा' सांगणारं यंत्र नको. मी कुठे आहे, कुठून आलो आणि परत कसा जाऊ, एवढं कळलं की पुरे. टच स्क्रीन घ्यावी की बटणं? सेलवर चालणारं की चार्जिंगचं? होकायंत्रवालं मॉडेल लागतं का?

मुरूम_आणि_माती:
आधी एक गोष्ट. रेंज गेली म्हणून तुमचा जीपीएस गेला नव्हता. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात आणि यंत्र ते फक्त ऐकतं. चार उपग्रह नीट मिळाले की जागा कळते. मोबाईल टॉवरचा त्यात संबंध नाही. तुमच्याकडे नव्हता तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत होता. म्हणून काहीही घ्या, नकाशा आधीच आत भरून ठेवता आला पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून केलेले नकाशे फुकट मिळतात आणि बऱ्याच भागांतल्या पायवाटासुद्धा त्यात असतात.

तुमची गरज वाचून मी बटणांचं, हातात मावणारं, दोन डबल ए सेलवर चालणारं यंत्र सुचवेन. उदाहरणार्थ गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स: २.२ इंची रंगीत स्क्रीन, कंपनीच्या आकड्यानुसार सेलवर २५ तास. स्क्रीन लहान आहे हे खरं, पण भर उन्हात ती फोनपेक्षा चांगली दिसते, कारण बाहेरचाच उजेड ती वापरते. जाड हातमोजे घालून बटण दाबता येतं. पावसाचे थेंब पडले की टच स्क्रीन स्वतःच इकडेतिकडे सरकते, तो त्रासही नाही.

होकायंत्रावर जास्तीचे पैसे घालू नका. गाडी चालत असताना यंत्र तुमच्या सरकण्यावरूनच दिशा काढतं. चुंबकीय होकायंत्राचा उपयोग एका जागी उभं असताना, आणि तेही गाडीच्या लोखंडाजवळ बिघडतं. चार पावलं बाजूला जाऊनच बघावं लागतं.

आता खरा मुद्दा: धक्के. माझं पहिलं यंत्र खडकाळ उतारावर दर थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचं. दुरुस्तीला दिलं, 'काही दोष नाही' म्हणून परत आलं. शेवटी मीच मागचं झाकण उघडून टॉर्चने पाहिलं. सेलच्या टोकाशी काळपट डाग पडले होते. प्रत्येक दणक्याला सेल स्प्रिंगवर मागे सरकायचा, क्षणभर वीज तुटायची आणि यंत्र झोपायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटाएवढी पट्टी कापून सेल आणि झाकणाच्या मध्ये बसवली, टोकं खोडरबराने घासली. त्यानंतर आजतागायत बंद पडलेलं नाही. शक्य असेल तर गाडीच्या बॅटरीवरून यूएसबीने वीज द्या आणि आत सेलही ठेवा, म्हणजे वायर निसटली तरी ट्रॅक (गेलेल्या वाटेची नोंद) तुटत नाही. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला; ते १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे नाहीतर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो.

हँडलवरच्या माउंटवर एकट्यावर भरवसा नको. यंत्राला दोरी ओवून ती हँडलला बांधाच.

गिअर_दोन:
ताई म्हणून एक आग्रहाचं सांगणं: निघण्याआधी, गाडी उभी केली तिथेच खूण नोंदवा आणि ट्रॅक सुरू झालाय ना ते डोळ्यांनी बघा. पुष्कळ साध्या यंत्रांत चालू ट्रॅकला दहा हजार बिंदूंची मर्यादा असते. दर दहा मीटरला एक बिंदू धरला तर शंभर किलोमीटर. त्यापुढे सेटिंगप्रमाणे जुने बिंदू पुसले जाऊ शकतात, म्हणजे नेमकी तुमची परतीची सुरुवात. म्हणून रोज सकाळी कालचा ट्रॅक सेव्ह करून नवा सुरू करा.

आणि मित्राकडून जीपीएक्स फाइल (जीपीएसची वाट साठवलेली फाइल) घेताना 'रूट' नको, 'ट्रॅक' मागा. रूट म्हणजे मोजके टप्पे, मधली वाट यंत्र आपल्या मनाने काढतं आणि पुष्कळदा डांबरीवर नेऊन सोडतं. ट्रॅक म्हणजे चाक जिथून गेलं ती रेघ.

उत्तर_रेखा:
फोन पूर्ण सोडू नका. ओस्मअँड या नकाशांच्या ॲपमध्ये नकाशे उतरवून तो खिशात ठेवा, हँडलवर नको. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता.

मदतीसाठी जागा कळवायची वेळ आली तर अक्षांश कोणत्या पद्धतीत सांगताय ते स्पष्ट करा. २०.३० अंश आणि २० अंश ३० मिनिटं यांत सुमारे २२ किलोमीटरचा फरक पडतो. सोबत्यांच्या यंत्रांवर एकच पद्धत लावून ठेवा.

कच्ची_वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. बटणांचं, सेलवालं यंत्र नक्की केलं, होकायंत्राशिवाय. मुरूमदादा, ट्यूबची पट्टी आजच कापून ठेवतो. ताई, एक शंका उरली: ट्रॅक उलटा करून परत फिरताना यंत्र फाट्याच्या आधी वाजतं का, की रेघेवर नजर ठेवावी लागते?

गिअर_दोन:
बऱ्याच यंत्रांत 'ट्रॅकबॅक' असतं, ते रेघ उलट्या दिशेने दाखवतं. पण आवाजावर विसंबू नका. नकाशा जवळ आणून, साधारण दोनशे मीटरच्या मापावर ठेवा. चुकीच्या फाट्याला लागलात की बाण रेघेपासून सुटलेला काही क्षणांत दिसतो. तिथेच थांबा, गाडी वळवा. पहिल्यांदा हे ओळखीच्या मोकळ्या माळावर, दिवसाउजेडी करून बघा.