पसरणी घाट रोजचा असेल तर उतार बघून गाडी घ्या

वाई ते पाचगणी रोज पसरणी घाटातून जायचंय, 110 सीसीची स्कूटर की 125 सीसीची बाईक असं विचारलंय तुम्ही, आणि सगळे जण चढाचंच बोलतायत. अहो चढ कुठलीही गाडी चढते, डबल सीट असली की स्कूटर जरा दमते एवढंच. खरा प्रश्न संध्याकाळच्या उताराचा आहे.

वाई ते पाचगणी उंचीचा फरक साधारण पावणेसहाशे मीटर. स्कूटरला गिअर नाहीत, त्यामुळे इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीचा वेग ओढून धरतं ते) कमी मिळतं, आणि वळणावर स्पीड फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते, मग सगळा भार ब्रेकवर, त्यात ड्रम ब्रेक असला की तापून लायनरचा करपट वास येतो आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबता थांबत नाही. बाईक सेकंड-थर्डमध्ये टाकली की आपोआप धरून राहते. माझं मत सरळ 125ची बाईक, पुढे डिस्क हवीच, जमलं तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम.

आणि ते पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरायचं कृपा करून नको. एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीत गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की इंजेक्टर तसंही पेट्रोल तोडतो, मग वाचवायचं काय?

इलेक्ट्रिक घेणार असाल तर वर पोचल्यावर फुल्ल चार्ज करू नका, बॅटरी भरलेली असली की उतारावर रीजन (मोटरच गाडीला रोखून बॅटरी चार्ज करते ते) जवळजवळ मिळत नाही. टायर मात्र पावसाळ्याआधी बघून घ्या, जूनमध्ये धुकं उतरलं की पुढचं वळणसुद्धा दिसत नाही तिथे, आणि ओल्या रस्त्यावर ऐनवेळी ब्रेक दाबावा लागतो.